आक्काची पिल्लं

१

चावीवाला दुकान बंद करून घरी आला, की चपला काढायच्या आधी हात दाखवायचा. आक्का दारातच उभी असायची. ती त्याचं मनगट धरायची, तळवा उताणा करायची, बोटांचा वास घ्यायची आणि म्हणायची, "पितळ. जा, धू. मनगटापर्यंत."

त्याने पन्नाशी ओलांडली होती. दाराच्या चौकटीला डोकं आपटू नये म्हणून त्याला वाकून आत यावं लागे. गावातलं कसलंही हट्टी कुलूप त्याच्यापुढे नांगी टाकत असे. पण आक्कापुढे त्याची मात्रा चालत नसे. आई लवकर गेली, तेव्हापासून त्याला लहानाचं मोठं या थोरल्या बहिणीनेच केलं होतं. तो मोठा झाला आहे हे मात्र तिला कधी पटलं नाही. घरात ती त्याला 'टिल्लू' म्हणायची. बाहेरच्यांसमोर म्हणायचं नाही असा दोघांत करार होता, आणि तेवढा एक करार तिने शेवटपर्यंत पाळला. ते नाव दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

त्याचं लग्न तिनेच जमवायचं होतं, आणि तिनेच दर वेळी मोडलं. एकीचं हसणं फार मोठं होतं, दुसरीचे कान फार लहान. मग त्याच्या दुकानाशेजारच्या गाळ्यात रफूवाली आली. फाटलेल्या कपड्याला ती असं रफू करायची की भोक कुठे होतं ते कपड्याच्या मालकालाही सापडू नये. राहायलाही ती त्यांच्याच मजल्यावर, भिंतीला भिंत लागून. तेव्हापासून चावीवाल्याचे खिसे फाटायला लागले. किल्ल्यांनी खिसे फाटतात हे खरं, पण दर आठवड्याला एक फाटावा इतक्या किल्ल्या कुणाच्याच खिशात नसतात.

आक्काच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. "ती बाई या घरात येणार नाही," ती म्हणाली. "मी आहे तोवर नाही."

आक्काने माणसांपैकी कुणाचे लाड केले नाहीत. तिच्या खोलीच्या खिडकीतल्या ऑर्किडचे मात्र केले. पांढरी फुलं, प्रत्येक फुलात मधोमध जांभळी जीभ. आता काहीतरी बोलेल आणि ते आपल्याला आवडणार नाही, असा त्या फुलांचा चेहरा. आक्काने अंथरूण धरलं तेव्हा झाडाचीही पानं पिवळी पडायला लागली, आणि वाळत चाललेल्या दांड्यावर ठिकठिकाणी छोटी हिरवी पिल्लं फुटली. इवलीशी पानं आणि हवेत लोंबणारी मुळं.

"झाड जायला निघालं की पिल्लं काढतं," आक्का म्हणाली. "आपल्यामागे बघायला कुणीतरी हवं म्हणून. ही पिल्लं जगव. नांदती झाली पाहिजेत. मग तुला काय गोंधळ घालायचा तो घाल."

त्यानंतर दोन दिवसांनी, डॉक्टरांची कॉलर मळकी आहे हे त्यांना सुनावता सुनावता, ती गेली.

२

चावीवाला रडला. मनापासून रडला. मग त्याच्या लक्षात आलं, की आता आपल्या आणि रफूवालीच्या मध्ये फक्त एका झाडाची पिल्लं उभी आहेत.

वचन म्हणजे वचन. पिल्लांना बोटाएवढी मुळं येईपर्यंत तो थांबला. मग पातं ज्योतीवरून फिरवून त्याने ती दांड्यावरून एकेक करून अलगद सोडवली. जखमेवर दालचिनीची पूड लावली, म्हणजे बुरशी धरत नाही. पारदर्शक पेल्यांना भोकं पाडली, त्यांत झाडाच्या सालीचे तुकडे आणि थोडं शेवाळ भरलं आणि पिल्लं बसवली. मुळं वाळली की चंदेरी दिसतात, पाणी मिळालं की हिरवी होतात. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर झाड कुजतं. हे सगळं आक्काने त्याला झापता झापता शिकवलं होतं, त्यामुळे विसरायची सोय नव्हती. जुनं झाड पार वाळल्यावर त्याने ते कचऱ्यात टाकलं आणि टाकताना उगीचच मागे वळून पाहिलं.

पिल्लं आक्काच्या खिडकीत वाढू लागली. झाडं उजेडाकडे झुकतात, एवढं चावीवाल्यालाही माहीत होतं. ही झुकली ती दाराकडे. तो जिथे उभा राहून त्यांच्याकडे बघायचा, नेमकी त्या बाजूला.

त्याने पेले फिरवून ठेवले. दोन-चार दिवसांत पानं पुन्हा दाराकडे. समोरच्या आरशातून उजेड परतून येत असेल, असा त्याने विचार केला. विचार पटण्याजोगा होता. त्याने आरशावर चादर टाकली. पिल्लांनी चादर मनावर घेतली नाही.

एकदा तो दुकानातून आला तो तसाच, हात न धुता, त्यांना पाणी घालायला गेला. सालीच्या तुकड्यांतून आवाज आला. बारीक, कोरडा, घसा खाकरल्यासारखा. आक्का बोलायच्या आधी असंच खाकरायची. साल वाळली की तडकते, तो स्वतःशी म्हणाला. तरीही तो मोरीवर गेला, हात धुतले, आणि मग पाणी घातलं. त्या दिवसापासून तो आधी हात धुऊ लागला. पितळेचा अंश पानांना बाधत असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. भीतीला कारण जोडून दिलं की ती शहाण्यासारखी वागते.

३

पिल्लं वीतभर पानांची झाली तेव्हा त्याने ती वाटून टाकली. स्वतःकडे एकही ठेवलं नाही. लोक म्हणाले, केवढं मोठं मन! बहिणीची आठवणसुद्धा वाटून टाकली. चावीवाल्याने मान खाली घालून कौतुक ऐकून घेतलं. खरं तर त्याला आक्काची खोली एकदाची रिकामी हवी होती.

एक झाड इमारतीच्या सेक्रेटरींना दिलं, एक वरच्या मजल्यावरच्या व्हायोलिनच्या मास्तरांना. काही बाहेरच्या लोकांनी नेली, ती कुठे गेली ते त्याने विचारलंही नाही. आणि सगळ्यांत देखणं होतं ते त्याने रफूवालीच्या दारात नेऊन ठेवलं. सोबत एक वाक्यही पाठ करून नेलं होतं, पण ते ऐन वेळी घशातून वर येईना. तिने झाड घेतलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खिसा फाटला नाही का आज?"

फुलं येतील तेव्हा विचारू, असं त्याने ठरवलं. पिल्लं नांदती झाली असं तेव्हाच म्हणता येईल ना. भित्र्या माणसाला मुहूर्त पुढे ढकलायला असं काहीतरी लागतंच. बघता बघता आक्काला जाऊन तीन वर्षं होत आली.

सगळ्यांत आधी फूल आलं ते सेक्रेटरींच्या झाडाला. सेक्रेटरी म्हणजे वाक्य सुरू केलं की संपवायचं विसरणारा माणूस. त्यांच्या नोटिसा पानभर असायच्या आणि वाचून झाल्यावर पाणी येणार आहे की जाणार आहे तेच कळायचं नाही. तर एके सकाळी ते कपाटाची किल्ली करून घ्यायला दुकानात आले.

"तर मुद्दा असा, की कपाट जे आहे, म्हणजे तसं पाहायला गेलं तर कपाट नव्हे..." इथपर्यंत आले आणि थांबले. मग घसा खाकरून त्यांनी चावीवाल्याचं मनगट धरलं, तळवा उताणा केला आणि नाकाशी नेला.

"पितळ," सेक्रेटरी म्हणाले.

सेक्रेटरींनी हात सोडला, डोळे मिचकावले आणि "तर कपाट नव्हे, फडताळ म्हणा हवं तर," असं म्हणत गाडी पुन्हा रुळावर आणली.

आक्का दारात उभी राहून रोज हेच करायची. येता-जाता त्यांनी पाहिलं असणार. माणूस नकळत उचलतो एखादी लकब. चावीवाल्याने किल्ली घासता घासता स्वतःची समजूत काढली, आणि घासता घासता किल्ली बिघडवली.

त्या आठवड्यात इमारतीत नवी नोटीस लागली. तिच्यावर एकच शब्द होता. 'पुसा.' आणि सेक्रेटरी प्रत्येक मजल्यावर लोकांच्या दारांच्या वरच्या कडेवरून बोट फिरवून धूळ बघत होते, आक्का घरात बघायची तशी.

४

मास्तरांच्या दाराचं कुलूप अडकायला लागलं म्हणून त्यांनी चावीवाल्याला बोलावलं. मास्तर इतके मवाळ, की विद्यार्थी बेसूर वाजवू लागला की हेच त्याची माफी मागायचे. आज मात्र जिन्यात दोन मुली हात पाठीमागे लपवून हुंदके देत उभ्या होत्या. नखं तपासून मास्तरांनी त्यांना घरी पाठवलं होतं.

आत व्हायोलिनच्या कपाटावर ऑर्किड होतं. दांडा कमानीसारखा झुकलेला, त्यावर ओळीने पांढरी फुलं, सगळी खिडकीकडे तोंड करून. बघ, चावीवाला मनाशी म्हणाला, उजेडाकडे आहेत. झाडासारखं झाड आहे. त्याला फार हायसं वाटलं. तो दारापाशी उकिडवा बसला, स्क्रू काढले, कुलपात तेल सोडलं. मागे मास्तर तारा पिळत होते. बारीक कुंई, मग जरा वरची कुंई. मग काहीच नाही. मग घसा खाकरल्याचा आवाज.

"पोक काढून बसू नकोस. कण्याला बाक येईल. कसं व्हायचं तुझं? मी आहे म्हणून."

आवाज मास्तरांचाच होता, तसाच किनरा. पण 'मी आहे म्हणून' हे तिचं होतं. भात करपला, पाऊस लागला, नळ गळला, कशावरही ती तेच म्हणायची. चावीवाला ताठ झाला आणि हळूच वळला. मास्तर डोळे मिटून तारेला कान लावून बसले होते. कपाटावरच्या सगळ्या फुलांची तोंडं दाराकडे होती.

"मास्तर, काही म्हणालात?"

"मी?" मास्तर दचकले. "नाही हो. माफ करा. तार लावत होतो."

"हे फूल... कधी उमललं?"

"परवाच. तुमच्या आक्का फार मायाळू होत्या, नाही?"

आक्काला मायाळू म्हणणारा माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता. तो स्क्रू तोंडात धरून कसाबसा हसला.

घरी येऊन तो आक्काच्या रिकाम्या खोलीत बसला. त्याच्या धंद्यात एका किल्लीने दोन कुलपं उघडली तर योगायोग म्हणून सोडून देत नाहीत. सेक्रेटरींचं फूल उमललं आणि ते बदलले. मास्तरांचंही तसंच. कळी असेपर्यंत दोघे ठीक होते. मूळ किल्लीवरून दुसरी काढली की ती सुरुवातीला जरा अडखळते, थोडं घासलं की सुरळीत फिरायला लागते. त्याला एकदम आठवलं, की ऑर्किडचं पिल्लू बीपासून होत नाही. ते आईचाच तुकडा असतं, हुबेहूब.

ज्या बाईला तो घरातून घालवू पाहत होता, तिचे तुकडे करून त्याने स्वतःच्या हाताने, दालचिनी लावून, घरोघर पोचवले होते. आणि सगळ्यांत देखणा तुकडा कुणाच्या खिडकीत आहे, हे आठवून तो ताडकन उठला.

५

"कीड?" रफूवालीने सुई हवेतच थांबवली. "माझ्या झाडाला? पान न् पान पुसते मी."

"दिसत नाही ती. आतून लागते," चावीवाला म्हणाला. थापा मारायची सवय नसल्यामुळे त्याचे कान लाल झाले होते. "मी घेऊन जातो, औषध मारतो, आणि..."

"दिलेलं परत मागतात का कुणी?" ती हसली. तिचं हसणं शेवटी उचकीसारखं अडकायचं. त्या उचकीसाठी त्याने कितीतरी चांगले खिसे फाडले होते. "शिवाय कळ्या आल्यात त्याला. रविवारपर्यंत उमलतील. तेव्हा तुम्हाला चहाला बोलावणार होते. थोडं बोलायचंही होतं."

"कशाबद्दल?"

"तुमच्या खिशांबद्दल." तिने मान खाली घालून टाका घातला. "किल्लीने फाटलेला खिसा आणि कानशीने घासून फाडलेला खिसा, यांतला फरक कळतो मला. पहिल्या दिवसापासून कळतो."

चावीवाल्याला एकाच वेळी नाचावंसं आणि पळावंसं वाटलं. इतकी वर्षं तो ज्या वाक्याला घाबरत होता, ते तिनेच अर्धं बोलून टाकलं होतं. त्याला ती हवी होती, तीच, उचकी लागणारी आणि सगळं ओळखून गप्प बसणारी. रविवारनंतर ती तशी असेल का, हे त्याला सांगता येईना.

"कळ्याच आहेत ना अजून?" त्याने विचारलं. "एकही उमललेली नाही ना?"

"कळ्याच आहेत. किती काळजी हो तुम्हाला झाडाची!"

६

दुसऱ्याच्या घराचं कुलूप त्याच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही, हा चावीवाल्याचा धर्म होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, ती दुकानात असताना, त्याने तो मोडला. कुलूप त्यानेच बसवलेलं होतं. ते इतकं गुमान उघडलं की त्याला जास्तच लाज वाटली.

तिची खोली तिच्यासारखीच होती. रंगांच्या क्रमाने लावलेली रिळं, खुर्चीच्या पाठीवर अर्धवट झालेला कोट, काचेच्या बशीत सुया. कोटाच्या बाहीवर टाचणीने एक कागदाचा कपटा लावला होता, 'घाई नाही'. त्याला भरून आलं. खिडकीत झाड होतं. दांड्याला आधाराची काडी, आणि ती रेशमी धाग्याने बांधलेली. कळ्या टपोऱ्या, गच्च मिटलेल्या, खोलीकडे तोंड केलेल्या. त्याने आधी एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने. मिटलेल्याच.

"माफ कर आक्का," तो म्हणाला. आणि मग चिडून म्हणाला, "पण तूच म्हणाली होतीस ना, काय गोंधळ घालायचा तो घाल?"

सालीत कुठेतरी बारीक तडकलं.

त्याने पातं काढलं, आगकाडी ओढून ज्योतीवरून फिरवलं, आणि दांडा बुडाशी कापला. मग आपण काय करतोय हे लक्षात यायच्या आत तो तिच्या स्वयंपाकघरात दालचिनी शोधायला निघाला होता, जखमेला लावायला म्हणून. सवय म्हणजे सवय. तो स्वतःवरच हसला. काम झालं होतं. दांडा हातात घेऊन तो मोडून खिशात कोंबावा म्हणून त्याने फिरवला.

मागच्या बाजूला, अगदी खाली, एक फूल उमललेलं होतं.

ते खोलीकडे बघत नव्हतं, म्हणून दिसलं नव्हतं. ते भिंतीला टेकून होतं. भिंतीपलीकडे चावीवाल्याची झोपायची खोली होती. पाकळ्यांच्या कडा किंचित सैल पडल्या होत्या. म्हणजे ते आज उमललेलं नव्हतं, कालचंही नव्हतं.

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. कुलपात किल्ली फिरली. उघडंच कुलूप बंद झालं, जरा थांबलं आणि पुन्हा उघडलं.

७

रफूवाली दारात उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, पात्याकडे पाहिलं, कापलेल्या दांड्याकडे पाहिलं. चावीवाल्याने पुष्कळ काही बोलायचं ठरवलं, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "माझ्याशी लग्न कराल का?"

तिने हातातली किल्ली टेबलावर ठेवली. मग हसली. मोठ्याने, पोट धरून, आणि शेवटी उचकी.

तीच होती. उचकीसकट तीच.

"हे विचारायला माणूस बेल वाजवतो," ती डोळे पुसत म्हणाली. "कुलूप उघडून, झाड कापून विचारणारे तुम्ही पहिलेच. बसा. चहा टाकते."

तो खुर्चीवर बसला. आतून भांड्याचा आवाज आला, पाण्याचा आला, कपांचा आला. साधे, घरातले आवाज. एका फुलाने काय होतंय, तो मनाशी म्हणाला. सेक्रेटरींकडे घोसच्या घोस होते. मास्तरांकडे ओळ होती. आणि मुळात हे सगळं त्याच्याच डोक्यातलं असेल. आक्काचा धाक इतक्या वर्षांचा होता, तो उतरायला वेळ लागणारच. आपण एका सज्जन बाईच्या घरात चोरासारखे शिरलो आणि तिने चहा टाकला, यापेक्षा चांगली बायको कुठे मिळणार होती?

"राहायचं मात्र तुमच्याकडे हं," आतून आवाज आला. "ती खिडकीची खोली मला हवी."

"हवी ती घ्या," तो आनंदाने म्हणाला. खिडकीची खोली तिला कशी माहीत, हा विचार त्याला जरा उशिरा आला. पण खिडकी रस्त्यावरून दिसते. कुणालाही दिसते.

ती कप घेऊन बाहेर आली. येताना तिने दुसरा हात वर केला, स्वयंपाकघराच्या दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि पदराला पुसलं. मग कप टेबलावर ठेवला. चावीवाल्याने कपाकडे हात नेला, तो तिने मधेच धरला. अशा प्रसंगी बाईने हात धरावा हे रीतीला धरूनच होतं, म्हणून त्याने तो धरू दिला. तिच्या बोटांना सुयांची बारीक खरबर होती. त्याचे कान लाल झाले.

तिने त्याचा तळवा उताणा केला आणि नाकाशी नेला.

"पितळ," ती म्हणाली. "आधी हात धू, टिल्लू."

दार उघडंच होतं. जिना चार पावलांवर होता. पळायला काहीच अडचण नव्हती, आणि पळायला हवं हे चावीवाल्याला नीट कळत होतं. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला होता. पण तीन वर्षांत त्याला कुणी हात धुवायला सांगितलं नव्हतं, आणि तो काटा निव्वळ भीतीचा नव्हता. त्याचं त्यालाच याचं सगळ्यांत जास्त भय वाटलं.

तो उठला. चौकटीपाशी वाकला. मोरीवर जाऊन त्याने नळ सोडला, साबण घेतला आणि बोटं चोळायला लागला.

मागे कुणीतरी घसा खाकरला.

"मनगटापर्यंत."